तिसरा हिस्सा की चौथा?

वालूर, तालुका सेलू
भाद्रपद वद्य पंचमी

ती. सौ. वन्सं,

पायावर डोकं ठेवून नमस्कार. (समोर असले की तुम्ही अर्ध्यातच हाताला धरून उठवता, पत्रात तरी पुरता करू द्या.) तुमची कंबर आता कशी आहे? भाऊजींनी गोड खरंच सोडलं, की फक्त तुमच्यासमोर सोडलं? इकडं आम्ही नृसिंहाच्या कृपेनं खुशाल आहोत. सोयाबीन बरं आहे, ह्यांचा स्वभाव आहे तसाच आहे.

यंदा महालक्ष्म्यांना पुण्याहून काय काय आलं ते आधी लिहिते, कारण तुम्ही तेच आधी शोधणार. पेढे एक किलो, पाचशे वीस रुपये. ह्यांना गुडघ्याचे पट्टे, जोडी सातशेला. एक घालतात, दुसरा खुंटीला टांगलाय. मला साडी एक, किमतीची चिठ्ठी फाडून टाकलेली, म्हणजे विचारू नये अशी असणार. आणि बाहुली एक, चौतीस हजार. वन्सं, शून्यं पुन्हा मोजू नका, बरोबर आहेत. बाहुली आपल्या प्राचीची, पैसा तिच्या पगारातला, तरी उंबऱ्याच्या आत आलेली वस्तू वहीत मांडल्याशिवाय मला जेवण जात नाही. पण ती मांडावी कोणत्या खात्यात? देवधर्मात घालवेना, घरखर्चात मावेना. शेवटी 'पाहुणे' ह्या सदरात लिहिली. ते किती खरं निघालं ते पुढं कळेलच.

तुमचा फोन आला तेव्हा मी काहीच बोलू शकले नाही, त्याची माफी असावी. ह्यांना ऐकू कमी येतं (हे त्यांना मंजूर नाही, फोन बिघडलाय म्हणतात), त्यामुळं फोन कायम मोठ्या आवाजावर असतो. तुम्ही "बन्सीधर, तुमच्या घरी तिसरी महालक्ष्मी कुणाच्या परवानगीनं बसली?" असं विचारलंत, तेव्हा ओट्यावर बसलेल्या चार माणसांनीही माना खाली घातल्या. म्हणून हे पत्र. जिंतूरच्या एसटीतून तुमच्यापर्यंत जी खबर पोचली ती निम्मी खोटी आहे. उरलेली निम्मी मी सांगते.

प्राची सून म्हणून आपल्या घरात आली त्याला आता चार वर्षं होतील. वाईट शब्द नाही, उलट उत्तर नाही. पण तुम्हाला म्हणून सांगते, आमचं बोलणं तीन वाक्यांचं. पोचलात का, जेवलात का, पाऊस आहे का. चौथं वाक्य सुचेपर्यंत ती फोन विवेककडं द्यायची आणि विवेक तो ठेवून द्यायचा. ती कम्प्युटरवर कसलं काम करते ते मला कळत नाही, मी वाती वळते ते तिला कळत नाही. दोघी एकमेकींना मान देऊन देऊन थकलो होतो. ह्या खेपेलाही सणाचे तीन दिवस असेच जाणार म्हणून मी मनाची तयारी केली होती.

महालक्ष्म्या यायच्या दिवशी मी भाज्या निवडत बसले होते. प्राचीनं समोर चटईवर पेटी ठेवली, कापडाच्या घड्या उलगडल्या आणि आतून एक मुलगी निघाली. टकली. डोळ्यांच्या जागी दोन भोकं. अंगावर चिंधी नाही. भानामतीच्या गोष्टी ऐकत आपण लहानाच्या मोठ्या झालो. माझ्या हातातली दोडकी सुटून थेट उंबऱ्यापर्यंत गेली. प्राची म्हणाली, घाबरू नका आई, ह्या अशाच येतात, डोळे आणि केस वेगळे. मग तिनं डबीतून दोन डोळे काढले, आतून बसवले, डोक्यावर केस चढवले. आणि वन्सं, ती माझ्याकडं बघायला लागली. खोटं सांगत नाही, मी डोक्यावरचा पदर सावरला.

ही खेळायची बाहुली नव्हे, जमवायची. तिच्या प्रत्येक सांध्यात गोल गोटी बसवलेली असते. मान, खांदा, कोपर, मनगट, गुडघा, सगळं वळतं. किल्ली नाही, सेल नाही. हात जिथं ठेवाल तिथं राहतो. (सांगितल्या जागी थांबणारं माणूस मी ह्या घरात पहिल्यांदा पाहिलं.) मांडी घालते, हात जोडते, गालावर हात ठेवून विचारात पडते. घडवणाऱ्यानं बोटांची पेरं सोडली नाहीत, नखाच्या मुळाशी पांढरी कोर असते तीही सोडली नाही. मी विचारलं, हिला धरून कोण ठेवतं? तर प्राचीनं मान किंचित उचलून दाखवली. आत डोक्यापासून तळपायापर्यंत रबराचा गोफ ओवलेला आहे, ताणलेला. तो आहे तोवर ही बसते, उठते, हात जोडते. तो तुटला तर नुसते तुकडे. आपल्याही आत कुणीतरी असाच गोफ ओवलाय आणि गाठ वर स्वतःकडं ठेवलीय, हे मी कीर्तनात किती वेळा ऐकलं, पण डोळ्यांनी पाहिलं ते त्या दुपारी, दोडकी निवडताना.

मग मला तिचं उघडं अंग बघवेना. खणाचा तुकडा होता, त्यातून चोळी बेतली. जुन्या इरकलीच्या काठातून नऊवारी. प्राची माप घ्यायची, मी कापायची. बोलता बोलता तिनं मला तिच्या हापिसातली भांडणं सांगितली आणि मी तिला आपली सांगितली (तुमचं एकही नाही). भाजीला फोडणी द्यायचं राहून गेलं तेव्हा हे आत येऊन बघून गेले की दोघी जिवंत आहेत ना.

आता चूक कुठं झाली ते ऐका. जेवणाच्या दिवशी महालक्ष्म्या उभ्या केल्या, समोर त्यांची दोन बाळं बसवली. मला वाटलं, ही पोर पेटीत एकटी का पडावी? तिला नऊवारी नेसवून, हात जोडून, पाटाच्या अलीकडच्या बाजूला बसवली. सोवळ्यात नाही, वन्सं, अलीकडं. दर्शनाला आलेली बाई जशी बसते तशी. एवढाच माझा हेतू.

संध्याकाळी हळदी-कुंकवाला बायका आल्या. पहिल्या शेजारच्या सरजाबाई. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन लांबलंय. त्यांनी दोन्ही महालक्ष्म्यांना हळद-कुंकू लावलं, बाळांना लावलं आणि हात पुढं नेला तो हिच्या कपाळावर. चांगला अंगठा भरून. म्हणाल्या, "लय गोड हाय गं माय, कवा आणलीस? माझ्याकडंच बघायलीय." मी "अहो ती नाही" म्हणेपर्यंत मागची बाई पुढं झाली. पुढच्या बाईनं लावलं आणि आपण नाही लावलं, असं करायची हिंमत वालुरात कुणाची? रांगच लागली. कुणी ओटीत खोबऱ्याची वाटी ठेवली, कुणी दहाची नोट. एका नव्या नवरीनं तर डोळे मिटून तिच्या कानाशी काहीतरी मागितलं. देवापुढं हात जोडलेल्या बाईला बाजूला कसं करणार?

प्राची आतून पानसुपारीचं ताट घेऊन आली आणि दारातच थांबली. तिची चौतीस हजारांची पोर कपाळापासून गळ्यापर्यंत पिवळी आणि लाल. तिनं मला आधीच सांगितलं होतं की हिला तेलाचा हातसुद्धा लागू द्यायचा नाही, रंग आत शिरतो. वन्सं, चौतीस हजार गेल्याचं दुःख नंतर झालं. आधी वाटलं, कालचं बोलणं गेलं. आता पुन्हा पोचलात का, जेवलात का, पाऊस आहे का.

प्राचीनं ताट खाली ठेवलं. बाहुलीसमोर जाऊन बसली, तिचा सरकलेला पदर नीट केला आणि सरजाबाईंना म्हणाली, "आज्जी, हळद-कुंकू झालं, हिला ओवाळायचं राहिलं की." आणि हसायला लागली. तोंडावर हात नाही, पदर नाही. हसता हसता डोळ्यांतून पाणी. चार वर्षांत ह्या घरात तिचा एवढा मोठा आवाज मी ऐकला नव्हता. मीही सुटले. सरजाबाई म्हणाल्या, "खुळ्या झाल्या सासूसुना," आणि त्याच तुमची खबर जिंतूरच्या गाडीत बसवणाऱ्या असाव्यात असा मला संशय आहे. तर तिसरी महालक्ष्मी ती ही.

कुंकू पुसलं गेलं. हळद गेली नाही. कपाळावर अंगठ्याएवढी पिवळी छटा राहिली आहे. प्राची म्हणाली, काढायचे उपाय आहेत, पण राहू दे.

आता मुद्द्याचं. तिला दुसरी बाहुली घ्यायची आहे आणि इथून पुढं एकाच मापाच्या जमवायच्या आहेत, कारण एका मापाचे कपडे, जोडे, डोळे दुसऱ्या मापाला येत नाहीत. माप एकदा ठरलं की ठरलं. जाताना मला म्हणाली, "कपडे तुम्हीच शिवणार, तर माप तुम्हीच सांगा, आई." दसऱ्यापर्यंत सांगायचं आहे, त्यानंतर बाहुल्या घडवणारे मागणी घेत नाहीत.

ह्या बाहुल्यांची मापं माणसाच्या हिश्शानं असतात: तिसरा हिस्सा, चौथा हिस्सा, सहावा हिस्सा. "तिसरा घेतला की मग मागं फिरता येत नाही," असं प्राची समजावत होती तेव्हा हे चहा घेऊन दारात आले आणि तिथंच थबकले. सून वाटणी मागायलीय असं वाटून अर्धा चहा बशीत आला. (तुम्ही मनावर घेऊ नका. तुम्ही हक्क सोडल्याची सही देऊन वर्षं झाली, तरी 'हिस्सा' म्हटलं की ते दचकतात.)

सहाव्या हिश्शाची ती वीतभर आणि वर चार-पाच बोटं. स्वस्त, कापड नखाएवढं लागतं, पर्समध्ये मावते. ह्यांचं मत सहावीला, किंवा कोणतीच नको. पण त्या मापाच्या चोळीला गुंडी लावायची म्हणजे माझ्या चष्म्याच्या नंबराचा सत्यानाश. चौथ्या हिश्शाची म्हणजे आताची, हातभराला जराशी कमी. शहाणपणाचं बोलायचं तर हीच घ्यावी, आहेत ते कपडे दोघी वापरतील. विवेकही तेच म्हणतो, आणि वर मलाच म्हणतो की आई, तू तिला नादी लावू नकोस. तिसऱ्या हिश्शाची सव्वा हाताहून उंच. प्राचीनं वजन सांगितलं तेव्हा माझ्या लक्षात आलं, विवेक जन्मला तेव्हा तेवढाच भरला होता. (पुढचा प्रश्न विचारू नका, वन्सं. मीही विचारलेला नाही, आणि त्यात माझं काही बिघडलं नाही.) तिची किंमत मी इथं लिहीत नाही, तुमची कंबर आधीच धरलेली आहे.

मला स्वतःला काहीच म्हणायचं नाही. आपल्या घरात मोठा निर्णय तुमच्याशिवाय झालेला नाही, हाही होऊ नये. तुमच्या मनात येईल ते माप सांगा. भाऊजींना नमस्कार.

आपली,
विमला

ता. क. पितृपक्ष संपला की प्राची तुम्हाला फोन करणार आहे. तिला मीच सांगितलं की आत्याबाईंचा शब्द शेवटचा. वन्सं, तुम्ही तिसरा हिस्सा सांगा. कारण विचाराल तर सांगते. सहावी पर्समधून पुण्याला जाते. चौथी पिशवीतून जाते. ह्या खेपेला गेलीच, पिशवीच्या तोंडातून तिचा एक हात मला एसटीच्या खिडकीपर्यंत दिसत होता. तिसरी कशात मावत नाही. पुण्याच्या घरात तिला उभं राहायला जागा नाही, मी अंदाज घेतलाय. ती इथंच राहील. आणि ती इथं राहिली की तिला बघायला कुणाला तरी यावंच लागेल, दिवाळीची वाट न बघता. हे मी सुचवलं असं बोलू नका. तुम्हाला आपसूक वाटलं असं वाटू द्या.

ता. क. दुसरा. पत्र पाकिटात घालायच्या आधी ह्यांनी वाचलं. (मास्तरकी सुटली तरी लाल शाई सुटली नाही, तीन वेलांट्या सुधारल्या आहेत.) वाचून घडी घालून परत दिलं. आता आत ठोकाठोकीचा आवाज आला म्हणून जाऊन पाहिलं, तर ह्यांनी काचेच्या कपाटातली मधली फळी काढली आहे आणि दोन कप्प्यांचा एक उंच कप्पा केला आहे. काय करताय विचारलं तर म्हणाले, वाळवी बघतोय. तेव्हा वन्सं, आता तुमचाच शब्द राहिला. उलटटपाली कळवा, आणि कार्ड टाकू नका, पाकीटच पाठवा. आमचा पोस्टमन कार्ड ओट्यावर मोठ्यानं वाचून दाखवतो.