औषधपाण्यापुढचं शून्य

रविवार, ९ ऑगस्ट
सकाळी

प्रिय ताई,

तुला आणि भाऊजींना नमस्कार. तुझं पत्र पोचलं. भाऊजींचा गुडघा आता कसा आहे? जिने चढू देऊ नकोस त्यांना. आमच्याकडे हे गाडी दुरुस्तीला घेऊन गेलेत, लेक शिकवणीला. स्वयंपाक उरकून निवांत लिहायला बसले आहे, असं लिहिणार होते. निवांत मुळीच नाही.

कारखान्यात एक भानगड झाली आहे. पगारवाढीची बोलणी सुरू झाली तेव्हा वरून आम्हा दहा जणींना वह्या दिल्या होत्या. महिनाभर रोजचा घरखर्च लिहायचा, नाव गुप्त राहील. मला तर लिहिण्याची खोडच. पोस्टाच्या तिकिटासकट सगळं लिहिलं. वही परत घेताना हिशेबनीस म्हणाले, "बाई, इतकी नेटकी वही एकीचीही नाही." खोटं कशाला सांगू, दोन दिवस हवेत होते मी.

गुरुवारी तीच वही टाइप होऊन फलकावर लागली. वर ठळक अक्षरांत, 'सध्याच्या पगारात तिघांचं कुटुंब आरामात राहू शकतं.' खाली माझं भाडं, माझा किराणा, माझं बसचं तिकीट. औषधपाणी: शून्य.

फलकापुढे ही गर्दी! माझ्या शेजारच्या टेबलावर एक काडीसारखी बाई आहे, तिला आम्ही पैलवान म्हणतो. ती वाचून म्हणाली, "महिनाभर घरात कुणी शिंकलंसुद्धा नाही? पत्ता द्या गं या घराचा, मी भाड्याने राहायला जाते."

मागून कुणीतरी म्हणालं, "घरात माणसं आहेत की भिंतीवरचे फोटो?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. ताई, मी त्यांच्याहून मोठ्याने हसले.

वहीत एक अक्षर खोटं नाही गं. तू पाठवलेलं धान्य आणि लेकीचे कपडे विकत घेतले नव्हते, म्हणून लिहिले नाहीत. जे घेतलंच नाही त्याला वहीत रकाना नव्हता. मंगळवारी पगारवाढ ठरवायची सभा आहे. हा कागद खरा धरला तर पुढच्या करारापर्यंत, म्हणजे तीन वर्षं, कुणालाच वाढ नाही. यांना सांगितलं तर म्हणाले, "फलकावर तुझं नाव आहे का? मग उगाच अंगावर ओढवून घेऊ नकोस." बसलेही असते गप्प.

पण ते शून्य कुठून आलं हे मी यांनाही सांगितलेलं नाही. तुलाही सांगायचं टाळतेय, बघ.

मार्चपासून माझ्या डाव्या डोळ्यापुढे मधोमध एक डाग आहे. दाराची चौकट वाकलेली दिसते. डॉक्टर म्हणाले, पडद्यात पाणी साठतंय, दर महिन्याला डोळ्यात एक इंजेक्शन घ्यावं लागेल, उशीर केलात तर गेलेली नजर परत येणार नाही. एका इंजेक्शनला माझा जवळजवळ सगळा पगार. वाढ मिळाली की जाऊ, असं ठरवून परत आले. घरी सांगितलं, चष्म्याचा नंबर बदललाय. गेलेच नाही, म्हणून खर्च शून्य.

आणि माझं काम काय, तर इंजेक्शनच्या कुप्या दिव्यापुढे धरून आत काच किंवा धागा आहे का ते बघणं. आधी काळ्या पाटीपुढे, मग पांढऱ्या. मेमध्ये आमची नजर तपासली. उजव्या डोळ्याने तक्ता वाचतानाच मी खालच्या ओळी पाठ केल्या आणि डाव्याच्या वेळी धडाधड म्हणून दाखवल्या. चुकून जास्त आलेली सुटी नाणी परत द्यायला दुकानात जाणारी मी! हे मी माझ्या रोजनिशीतही लिहिलेलं नाही.

आता उजवाही लवकर थकतो. परवा पैलवानने मी पास केलेल्या ट्रेमधून एक कुपी उचलली. "काय गं, झोपलीस की काय?" आत काचेची कपची होती, पापणीच्या केसाएवढी. तिने ती लाल डब्यात टाकली आणि कुणाला बोलली नाही. टाकण्याआधी मी ती उजव्या डोळ्याने पाहिली, मग डाव्याने. डाव्याला कुपीत काहीच दिसत नव्हतं.

अशा किती गेल्या असतील? कुणाच्या दंडात? मोजायला लागते आणि उठून नळाखाली हात धुते.

वही माझी म्हणायचं तर शून्य कसं आलं ते सांगावं लागेल. ते सांगितलं की टेबल गेलं. नजर नापास झालेल्यांना आमच्याकडे दुसरं काम देत नाहीत. गेल्या वर्षी एकीला पंधरा दिवसांत घरी बसवलं. आमचं भाडं माझ्या पगारातून जातं. मी फार घाबरले आहे, ताई. काल भाजी चिरताना मध्येच सुरी खाली ठेवून उभी राहिले, किती वेळ कोण जाणे.

तरी मंगळवारपर्यंत थांबता येत नाही. उद्या टेबलावर बसले तर दुपारपर्यंत हजारभर कुप्या माझ्या हातून जातील. म्हणून उद्या दिवा लावण्याआधीच आमच्या विभागाच्या मुख्य बाईंना सांगणार आहे. डोळा, तक्ता, परवाची कुपी, सगळं. मंगळवारी मला सभेत घेतलं नाही, तर वहीबद्दल पैलवानजवळ लिहून देईन. ती वाचेल, शिव्या घालत का होईना. यांना आत्ता, आल्यावर सांगेन. हे आधी ओरडतील आणि मग गप्प होतील. त्या गप्प होण्याचीच मला जास्त धास्ती वाटते.

वर एक ओळ खोडलेली दिसेल. 'पैसे पाठवू नकोस' असं लिहिलं होतं. पाठवता आले तर पाठव. पहिल्या इंजेक्शनपुरते.

जिन्यावर यांची पावलं वाजतायत. पत्र झाकत नाही, तसंच उघडं ठेवते.

तुझी भित्री
धाकटी