स्पर्धा संपेपर्यंत

प्रिय अ‍ॅमन,

तिकडे आयडाहोत मामाच्या बटाट्यांच्या शेतावर अजून बर्फ आहे म्हणे. पायमोजे पाठवतेय. तुझ्याविना विद्यापीठाचा आपला संघ पहिल्याच फेरीत हरला, हे कळलं असेलच. बाबांनी टीव्ही बंद केला आणि एवढ्या थंडीत गाडी धुवायला गेले.

गेल्या रविवारी चर्चबाहेर ब्रदर डॉलिंग भेटले. आपल्या धर्मात कॉफी वर्ज्य, आणि तू लहानपणी कॉफीचं आइस्क्रीम खाल्लंस म्हणून तासभर प्रवचन झोडणारे तेच. रविवार देवाचा, त्या दिवशी खेळायचं नाही म्हणून विद्यापीठाने सामन्याचा वार बदलून घेतला, तेव्हा गावभर मिरवले होते. मला म्हणाले, "पोराला स्पर्धा संपेपर्यंत तोंड बंद ठेवता आलं नाही?" मी त्यांना चांगलं फैलावर घ्यायला हवं होतं. पण हे आधी मीच बोलले होते.

तू तुझ्या मैत्रिणीबद्दल, केसाबद्दल, आणि त्या रात्रीबद्दल मला सांगितलंस तेव्हा मी धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होते. लग्नाआधी असलं काही करणार नाही, अशी सही विद्यापीठात प्रत्येकजण करतो. वचन मोडलं तर बिशपना जाऊन सांगायचं, हे तुला मीच शिकवलं. सांगितलंस तर संघाबाहेर, हेही दोघांना ठाऊक होतं. आणि मी म्हणाले, "सामने होऊन जाऊ देत, मग सांग. देव काही पळून जात नाही."

तू हळूच म्हणालास, "आई, हे तू बोलतेस?" आणि बूट घालून निघालास; रविवारची वाट न बघता, बिशप हॅन्क्स एरवी दात तपासतात त्या त्यांच्या दवाखान्यातच गेलास.

तुझ्या चुकीची मला लाज वाटली नाही असं नाही, पण ती ओसरली. माझ्या बोलण्याची मात्र ओसरत नाही. तू घर सोडलंस तेव्हा मी फुगून बसले, दारापर्यंतसुद्धा आले नाही. लोकांना वाटतं, मी तुझ्यामुळे मान खाली घालून फिरते. मीही त्यांना तसंच वाटू दिलं.

काल बिशपना सगळं सांगून आले. ते हसून म्हणाले, आईची माया ती, त्यात कसलं पाप? मला काही पटलं नाही. आज प्रार्थनेत प्रभूच्या पावाची ताटली फिरत आली. बिशप परवानगी देईपर्यंत तुला तो घेता येणार नाही आणि सगळे बघतील, म्हणून तू घरी येत नाहीस, हे मला कळतं. आज मी तो न घेता ताटली पुढे दिली. अख्ख्या रांगेने बघितलं, बाबांनीही. पुढच्या रविवारी ये. माझ्या शेजारी बस. ती ताटली आपण दोघं मिळून पुढे देऊ.

तुझीच,
आई