नदीकाठची मेथी

बाबा, आज आमच्या प्लँटवर एका शाळेची सहल आली होती. शहराचं सांडपाणी कसं शुद्ध होतं ते दाखवायला हल्ली मास्तर मुलांना इकडे आणतात. तुमच्या काळी कोणी अशी सहल काढली असती, तर मुलांच्या आयांनी त्या मास्तरला गावभर पळवला असता. मुलं नाकाला रुमाल लावून आत आली आणि वास फारसा नाही हे कळल्यावर जरा खट्टूच झाली. मी त्यांना सगळ्या टाक्या दाखवल्या, शेवटचं नितळ पाणी काचेच्या ग्लासात धरून दाखवलं. एका मुलीने विचारलं, "मॅडम, हा प्लँट नव्हता तेव्हा हे पाणी कुठं जायचं?" मी म्हटलं, नदीत. "आणि नदीतून?" पुढे वाहून जायचं, मी म्हटलं. खरं उत्तर असं, की ते माझ्या बाबांच्या इंजिनाने वर वावरात चढायचं, मेथीत जायचं, सांबारात म्हणजे कोथिंबिरीत जायचं, आणि त्यावर मी शिकले. एवढं लांबलचक उत्तर सहलीला कोणी देत नाही. पण ते गिळल्याची रुखरुख दिवसभर गेली नाही, म्हणून सगळे घरी गेल्यावर लॅबमध्येच बसून तुम्हाला लिहिते आहे.

नाग नदी शहर सोडून पूर्वेला निघते तिथे आपलं अडीच एकर वावर. शहरातले लोक तिला सरळ नाला म्हणायचे, तुम्ही मात्र कोणाला म्हणू दिलं नाही. त्यात भक्तिभाव काही नव्हता. "नाला म्हनसान तं लोक नाल्याची भाजी म्हनतीन," एवढाच तुमचा हिशेब. काळं पाणी, त्यावर साबणाचा फेस, आणि इंजिनाच्या पाइपाच्या तोंडाशी दर तासाला अडकणाऱ्या प्लास्टिकच्या पन्न्या. त्या काढायला तुम्ही मांडीभर पाण्यात उतरायचे आणि वर येऊन विहिरीवर घसाघसा पाय धुवायचे. त्या पाण्यातच खत, त्यामुळे खताची एक पिशवी आपल्या घरात आली नाही. नरखेडचे मामा आले की त्यांचं एकच रडगाणं, विहीर आटली, संत्र्याची झाडं वाळून राहिली. तुम्ही सुपारी कातरत म्हणायचे, "आमचं पानी नाई आटत गा. नागपूरचे लोक आंघोळ बंद करतीन, तवाच आटन." मामांना ते झोंबायचं, आणि आई तुम्हाला डोळ्यांनी दटावायची.

पण विहिरीजवळ एक वाफा वेगळा होता. त्याला नदीचं पाणी लावायचं नाही, हा घरचा कायदा. काठावरच्या सगळ्याच घरांचा तो होता. ज्याच्याकडे विहीर नाही तो शेजाऱ्याकडून बादल्या वाहून आणायचा, पण घरच्या ताटातली भाजी वेगळी पिकवायचा, आणि याबद्दल कोणी कोणाशी बोलायचं नाही. मी सात-आठ वर्षांची असेन. मोठ्या वाफ्यातला मेथीचा कोवळा शेंडा खुडून मी तोंडात घालते आणि तुम्ही इंजिन सोडून धावत येता. माझ्या तोंडात बोट घालून तो पाला काढता, विहिरीवर ओढत नेऊन चूळ भरायला लावता. "थे विकाची हाय. खाची नाई." मी विचारते, "काहून?" तुम्ही आईकडे पाहता आणि इंजिनाकडे परत जाता. "लय काहून काहून नोको करू वं," आई म्हणते. तुम्ही लबाड नव्हता, बाबा. विष आहे हे जाणून विकत होता असंही नाही. आपण ते खाऊ नये अशी एक किळस होती, आणि चुलीवर शिजलं की सगळं शुद्ध होतं असा एक भरवसाही होता. दोन्ही एकाच घरात सुखाने नांदत होते.

मग मी रसायनशास्त्र शिकले, आणि आपल्या वावराच्या वरच्या अंगाला पहिला प्लँट उभा राहिला तेव्हा तिथल्याच लॅबमध्ये मला नोकरी लागली. काठावरचे लोक मला टोमणे मारायचे, की बापाचं पाणी पोरीनंच अडवलं. तुम्ही उलट शहरातल्या महाल भागातल्या शिंप्याकडून मला पांढरा कोट शिवून आणलात. मापाला मी नव्हते, त्यामुळे खांदे उतरलेले आणि बाह्या बोटांच्या खाली. "डॉक्टरवाला कोट हाय," तुम्ही म्हणालात. त्या दिवसापासून, तुम्ही भाजी विकायला बसायचे त्या अख्ख्या बुधवार बाजाराला ठाऊक झालं, की तुमची पोरगी पाण्याची डॉक्टर आहे. मी बाह्या दुमडून तो कोट कितीतरी वर्षं वापरला.

तुम्ही लॅबमध्ये आलात तो दिवस थंडीचा होता. सकाळी अकराच्या सुमाराला गेटवरून फोन आला, "मॅडम, एक बाबाजी आले. भाजी आनली, तपासाची हाय म्हनते." तुम्ही धुतलेला पायजमा घालून उभे, आणि ओल्या दुपट्ट्यात मेथीची एक जुडी. तुम्हाला थेट लॅबमध्ये नेण्याआधी मी टाक्या दाखवायला घेऊन गेले. तेव्हा वाटलं, तुमचं कौतुक म्हणून नेते आहे. आज कळतं, लॅबमधले लोक जेवायला जाईपर्यंत मी वेळ काढत होते. हवा सोडलेल्या टाकीत तपकिरी पाणी उकळल्यासारखं खदखदत होतं. मी सांगितलं, यात बारीक जीव आहेत, ते घाण खातात. तुम्ही लगेच म्हणालात, "म्हंजे ढोरंच पाळले तुमी." आणि वर, "माही मेथी बी हेच करून राहिली होती. फक्त तिले पगार नोता." मी हसले. मग तुम्ही विचारलंत, "पन हे जीव सारंच खातेत का?" सगळं नाही, मी म्हटलं. दागिने उजळायचं तेजाब, रंग, बॅटरीतलं शिसं, असलं काही ते खात नाहीत. "मंग थे कुठी जाते?" काही गाळात बसतं, काही पाण्याबरोबर जातं. तुम्ही हातातल्या जुडीकडे पाहिलंत.

तिथेच, टाकीच्या कठड्याला टेकून, तुम्ही मला ती गोष्ट सांगितलीत. महालातली एक बाई वीस वर्षं तुमच्याकडूनच भाजी घ्यायची. तिच्या सुनेला दिवस गेले होते आणि पेपरात नदीकाठच्या भाजीबद्दल काहीतरी छापून आलं होतं. तिने विचारलं, भाऊ, ही नदीकाठची तर नाही ना? "मी खोटं बोललो पोरी. विहिरीची हाय म्हटलं. घरी आलो तं भाकर गोड लागे ना. तू आपल्या मशीनमंदी पाह्य अन् सांग. चांगली असन तं चांगली, खराब असन तं खराब. जे असन थे सांग."

बाबा, तसं मशीन आमच्याकडे नव्हतंच. आम्ही पाण्यातली घाण किती ऑक्सिजन खाते ते मोजायचो. पानातलं शिसं मोजायचं म्हणजे वेगळी विद्या आणि वेगळं यंत्र. हे तेव्हाच सांगायला हवं होतं. पण तुम्ही एकेका काचेच्या भांड्याकडे पाहत होता, आणि माझ्या कोटाकडे. पाण्याच्या डॉक्टरला हे जमत नाही, असं सांगायला जीभ रेटली नाही. "ठेवून जा बाबा," मी म्हटलं.

शहरात दुसरी मोठी लॅब होती, तिथे हे होत असे. एक अर्ज भरायचा, नमुना कुठला आणि कोणाचा ते लिहायचं, इतकंच काम. पण त्या दिवसांत आमच्या कॅन्टीनमध्ये कोणाच्या डब्यात मेथी निघाली की हमखास कोणीतरी म्हणे, नदीकाठची तर नाही ना रे? आणि सगळे हसत. मीही हसायचे, इतरांच्या जरा आधीच. मी कोणाची मुलगी ते त्यांना माहीत नव्हतं आणि मला ते माहीत होऊ द्यायचं नव्हतं. मला लाज वाटत होती, बाबा. तुमची नाही, असं मी स्वतःला सांगायचे, पण तुमचीच. जुडी फ्रिजमध्ये नमुन्यांच्या बाटल्यांशेजारी पडून राहिली. आधी पिवळी पडली, मग तिला पाणी सुटलं. एका दुपारी मी ती कचऱ्यात टाकली आणि साबणाने हात धुतले.

पुढच्या रविवारी मी घरी आले. स्वयंपाकघरात तुम्ही पाटावर, आई चुलीपुढे भाकरी थापते आहे. "रिपोट आला का वं?" मी म्हटलं, आला. "मंग?" मी म्हटलं, चांगला नाही बाबा. त्या क्षणी माझ्याकडे कारणं काय कमी होती? त्या पाण्यात दुसरं काय निघणार, असा शिकलेल्या माणसाचा तोरा होता. या वयात तुम्ही नदीत उतरू नये, माझ्या क्वार्टरवर येऊन राहावं, ही मायाही खरी होती. पण सगळ्यात मोठं कारण हे, की तपासली नाही असं म्हटलं असतं तर तुम्ही दुसरी जुडी घेऊन आला असता. तुम्ही विचारलंत, "किती खराब?" विकण्याजोगी नाही, मी म्हटलं. आईची भाकरी तव्यावर करपली. तुम्ही "बरं" म्हणालात आणि ताटातलं संपवून हात धुतलेत.

दुसऱ्या दिवशी उभ्या मेथीवर, उभ्या सांबारावर तुम्ही ट्रॅक्टर फिरवलात. मला वाटलं, विषय मिटला. मनातून मी खूशच होते. तुम्ही काय करणार ते माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. बुधवारी तुम्ही बाजारात गेलात, नेहमीच्या जागी पोतं अंथरलंत आणि भाजीशिवाय बसलात. असे चार बुधवार. ओळखीचं गिऱ्हाईक आलं की सांगायचं, आजवर दिली ती नदीच्या पाण्याची होती, पोरीनं तपासली, खराब निघाली. आई सोबत असायची, तिनेच मला नंतर सांगितलं. कोणी शिव्या दिल्या. कोणी म्हटलं, "इतके वर्सं खाल्ली भाऊ, का झालं? जाऊ द्या." महालातली ती बाई सगळं ऐकून घेऊन एवढंच म्हणाली, "मंग त्या दिवशी विहिरीची काहून म्हटलं?" तुम्ही तिच्यापुढे हात जोडलेत.

त्यानंतरची सहा वर्षं तुम्ही माझ्याकडे काढलीत. मेथी तुम्ही पुन्हा तोंडात घातली नाही, बाजारातून आणलेलीही नाही. महालातल्या कोणाचं पोट बिघडलं, कोणाच्या नातवाला लवकर चष्मा लागला, असं काही कानावर आलं की रात्रीच्या जेवणाला विचारायचे, "माह्या भाजीनं तं नाई?" मी म्हणायचे, नाही बाबा, असं नसतं. "तूच तं रिपोट आनला होता," तुम्ही शांतपणे म्हणायचे, आणि मी ताटात पाहायचे. सांगायला सहा वर्षं होती. रोज दोन वेळा आपण समोरासमोर जेवायला बसत होतो. शेवटी दवाखान्यात सलाइन लावायला आलेल्या नर्सला तुम्ही विचारलंत, की तुमच्या घरी भाजी कुठून येते. तिला वाटलं, म्हातारबा भ्रमात बोलतात. मी तिथेच उभी होते.

आता शहरात असे प्लँट ठिकठिकाणी झालेत. मोठ्या सोसायट्या स्वतःचे लहान प्लँट बांधतात, आणि शुद्ध केलेलं पाणी पाइपाने वीज केंद्राकडे जातं. जे पाणी फुकट घ्यायला कोणी तयार नव्हतं, त्यासाठी आता अर्ज येतात. तरी नदी अजून काळीच आहे असं म्हणणारे खोटं बोलत नाहीत, कारण आमच्या टाक्या बांधून होईपर्यंत पुढे दोन वस्त्या वाढलेल्या असतात. काठावरचे बरेच जण भाजी सोडून गेले, काही अजून पिकवतात. आणि आमच्या लॅबमध्ये ते यंत्र आलं आहे, बाबा. मी लॅबची प्रमुख आहे, कोणाची परवानगी लागत नाही, कोणी हसणार नाही. भाजी आता नाही, पण धातू मातीत वर्षानुवर्षं राहतात. म्हणून थंडी संपताना मी वावरात गेले, पाच जागची माती खणली, एकत्र केली, वाळवून चाळली आणि पाकिटात भरली. त्यावर नाव नाही, नुसता नंबर. एका दिवसाचं काम आहे. चार महिने झाले, ते पाकीट माझ्या टेबलाच्या खणात पडून आहे आणि यंत्र इथून तीन पावलांवर आहे.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहून टाकते. मातीत विष निघालं, तर तुमचे चार बुधवार योग्य ठरतील, आणि मी खोटं बोलूनही खरी निघेन. नाही निघालं, तर तुम्ही चांगलं पीक मोडलंत, नको त्या माणसांपुढे हात जोडलेत, सहा वर्षं झुरलात, आणि ते सगळं मी केलं. मुलीने काय मागायला हवं ते मला कळतं. बापाची मेथी चांगली निघावी, महालातल्या त्या बाईने, तिच्या सुनेने चांगलंच खाल्लेलं असावं. पण बाबा, खण उघडते तेव्हा माझ्या मनात पहिलं येतं ते हेच, की खराब निघू दे.