साडूसाठी सूप

रविवार, ३ सप्टेंबर

धप्, धप्, धप्. गुरुजी टेबलावर डस्टर आपटून ताल धरायचे आणि अख्खा वर्ग एका सुरात कविता म्हणायचा. शेवटच्या बाकावरचा एक जण कायम एक शब्द मागे राहायचा, त्यामुळे प्रत्येक ओळीला शेपूट फुटायचं. आज चर्चमध्ये बसलो असताना तो आवाज जसाच्या तसा कानात आला. एवढ्या वर्षांनी! मग लक्षात आलं – पाळकसाहेब बोलता बोलता समोरच्या फळीवर हात आपटत होते.

मी निम्मा वर्गात, निम्मा चर्चमध्ये असा झुलत होतो, आणि एकदम एक वाक्य कानाला चिकटलं. वैऱ्याला भूक लागली तर त्याला जेवू घाला, म्हणाले. पवित्र शास्त्रात, बायबलात, म्हटलंय, तसं केलं की त्याच्या डोक्यावर निखारे रचल्यासारखं होतं. पुढं ते दया, आनंदी वृत्ती, हसरा चेहरा असं बरंच काही बोलले. मी निखाऱ्यांपाशीच थांबलो.

ही गेल्यापासून, म्हणजे दोन वर्षं, साडूचं काय करावं हे मला सुचत नव्हतं. शिव्या द्यायची जिभेला सवय नाही. मारामारीचं वय गेलं. बोलणं टाकलं, तर त्याला काही फरक पडला नाही, तो मुळातच कमी बोलतो. आणि उपाय शास्त्रात छापून तयार होता. किती शास्त्रांची बांधणी केली मी या हातांनी – खळ लावली, पुठ्ठा चढवला, पाठीवर सोनेरी अक्षरं उठवली – आणि आतलं नेमकं हेच वाचायचं राहिलं.

साडू म्हणजे हिच्या धाकट्या बहिणीचा नवरा. बसवर तिकीट तपासनीस होता. स्वतःच्या मामाला विनातिकीट धरून भर उन्हात खाली उतरवलं होतं, असं सांगतात. मला खरं वाटतं. दोन गल्ल्या पलीकडे राहतो. परवा बल्ब बदलताना स्टुलावरून पडला, पाय प्लास्टरमध्ये. धाकटी मुलीच्या बाळंतपणाला परगावी गेलेली. एकटाच पडून असतो, चहात पाव बुडवून खातो म्हणे.

म्हणजे वैरी भुकेला आहे. उद्यापासून सुरुवात.

रोज झोपताना एका तरी गोष्टीबद्दल देवाचे आभार माना, असंही पाळकसाहेबांनी सांगितलंय. आजचे आभार – स्टूल डगमगत होतं.

सोमवार, ४ सप्टेंबर

गाजर-बटाट्याचं सूप केलं. ही करायची तसं, आधी कांदा लोण्यात परतून. डबा फडक्यात गुंडाळला आणि निघालो. दोन वर्षांत त्या गल्लीत पाऊल टाकलं नव्हतं.

"कोण आहे?"

"मी."

आत खाट करकरली. मग, "ढकला. उघडंच आहे."

खाटेवर बसला होता, पाय उशीवर. उशाशी शास्त्र, मीच बांधून दिलेलं. कोपरे अजून टणक आहेत. इतकं चांगलं काम कुणाच्या घरी पडलंय, या विचारानं जीव हळहळला.

"साडूभाऊ, तुम्ही?"

"सूप आणलंय. गरम आहे तोवर घ्या."

डब्याकडे त्यानं एखादं संशयास्पद तिकीट तपासावं तसं पाहिलं. मग खाल्लं. मी समोर खुर्चीवर बसून हसरा चेहरा ठेवला. गाल दुखेपर्यंत ठेवला. नजर त्याच्या टकलावर – वाफ तरी निघते का बघत होतो.

"मीठ कमी आहे," तो म्हणाला. आणि थोड्या वेळानं, "पण आत ऊब गेली. उपकार झाले."

"उपकार कसले? आपण नात्यातलेच."

हे वाक्य मी वाटेवर घोटून ठेवलं होतं. 'नात्यातलेच' यावर जोर. त्यानं मान खाली घातली आणि डब्याचा तळ खरवडला.

येताना जुन्या कवितेच्या चालीवर दोन ओळी आपोआप जुळल्या –

साडूभाऊ, साडूभाऊ, गरम गरम सूप प्या,
एका एका घोटासंगे थोडी थोडी लाज घ्या!

तिसरीत असतो तर गुरुजींनी पाठ थोपटली असती.

बुधवार, ६ सप्टेंबर

आज मीठ मुद्दाम जास्त टाकलं. मुकाट्यानं संपवलं. वर पाणी मागितलं तेही 'कृपा करून' म्हणून.

शुक्रवार, ८ सप्टेंबर

आज सगळं लिहून टाकतो, म्हणजे हात ढिला पडणार नाही.

या दोघी बहिणींची आई लवकर गेली. हिनंच धाकटीला वाढवलं. स्वतः परकरात असताना तिच्या वेण्या घातल्या, तिला अक्षरं गिरवायला शिकवलं. आमचं लग्न ठरलं तेव्हा हिनं मला एकच विचारलं होतं, "धाकटी येऊन-जाऊन राहिली तर चालेल ना?" मी कवितेत असल्यासारखा होकार दिला होता.

आणि ही अंथरुणाला खिळली तेव्हा धाकटी आली नाही. फाटक वाजलं की ही विचारायची, "आली का?" पेपरवाला असायचा. "आली का?" शेजारीण असायची. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं तसा मी उठलो, चपला उलट्यासुलट्या घातल्या आणि साडूच्या घरासमोर कुणाचीशी गाडी उभी होती तिला वळसा घालून दारात गेलो.

त्यानं दार उघडलं आणि दोन्ही हात चौकटीवर ठेवून उभा राहिला. बसच्या दारात उभा राहायचा तसा.

"ती येणार नाही."

"अहो, शेवटचं आहे. चूक माझी समजा, पण तिला पाठवा."

"माझा शब्द शेवटचा समजा, साडूभाऊ."

आतून धाकटीचं हुंदके देणं ऐकू येत होतं. याच्या चेहऱ्यावरची माशी हलली नाही. आणि कारण दुसरं काय असणार, तर चर्चच्या कमिटीच्या निवडणुकीत मी हात त्याच्यासाठी वर केला नव्हता!

घरी येऊन हिला सांगितलं, "निघालीय. वाटेत आहे." ही दाराकडे तोंड करून पडली. दुसऱ्या दिवशी दुपारीही तशीच होती. दफनाला धाकटी आली, साडूच्या पाठीमागं, तोंडावर पदर. न बोलता गेली.

आज सूप घेऊन गेलो तेव्हा तो फोनवर होता. मला पाहून ठेवला. दोन घास खाल्ले आणि चमचा थांबवून म्हणाला,

"साडूभाऊ, एक विचारू? ताईंना... शेवटी फार त्रास झाला का?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आता विचारतोय!

त्रास नाही झाला. दुपारी डोळा लागला तो लागलाच. हे सांगायला कितीसा वेळ लागला असता.

"सूप निवतंय," मी म्हणालो.

त्यानं पुन्हा चमचा उचलला. राहू दे या एका बाबतीत उपाशी. आजचे आभार – त्याला हवंसं काहीतरी माझ्यापाशी आहे.

रविवार, १० सप्टेंबर

पाळकसाहेबांनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. जुना दुरावा विसरून रोज जेवण पोचवतात, विश्वास जगायचा तो असा, म्हणाले. बायकांनी वळून पाहिलं. पाळकबाईंच्या डोळ्यांत पाणी. मी पाठांतर स्पर्धेत बक्षीस मिळालेल्या पोरासारखा खाली मान घालून बसलो. गोड वाटलं, खोटं कशाला लिहू.

बाहेर पडताना पाळकसाहेबांना म्हटलं, "साडूंना येता येत नाही. या गुरुवारची प्रार्थनासभा त्यांच्याच घरी घेतली तर?"

"किती मोठ्या मनाचे आहात, आजोबा!"

आहेच.

बुधवार, १३ सप्टेंबर

दिवसभर प्रार्थना पाठ करतोय. आरशासमोर म्हणून पाहिली. आवाज कुठं उतरवायचा, कुठं थांबायचं – गुरुजी म्हणायचे, थांबणं म्हणजे निम्मी कविता. 'एक बहीण' यानंतर थांबायचं ठरवलंय.

गुरुवार, १४ सप्टेंबर

झालं.

खाटेभोवती खुर्च्या मांडल्या होत्या. गाणं झालं, वाचन झालं. उपकारस्तुतीची, म्हणजे ज्यानं त्यानं देवाचे आभार मानायची, पाळी फिरत फिरत माझ्याकडे आली. उभा राहिलो, डोळे मिटले.

"प्रभू, या घराबद्दल तुझे आभार. या घराच्या दाराबद्दल तुझे आभार. इथं एकदा एक मरणारी बाई आणि तिची एक बहीण..." थांबलो. कुणाची तरी खुर्ची कुरकुरली. "...यांच्यामध्ये दोन हात आडवे आले होते. आज त्याच हातांना तू घास देतोस, आणि तो माझ्या हातून देतोस, म्हणून तुझे आभार. त्या हातांना क्षमा कर, प्रभू. मला अजून जमलेलं नाही."

शेवटचं वाक्य पाठ केलेलं नव्हतं. आपलं आपण आलं.

कुणी आमेन म्हणेना. आणि त्या शांततेत खाटेवरून आवाज आला, चांगला खणखणीत, गाडीत शेवटच्या सीटपर्यंत जाईल असा –

"आमेन."

डोळे उघडले. तो माझ्याचकडे पाहत होता. मग बाकीचेही पुटपुटले, आमेन, आमेन. पाळकसाहेबांना खोकल्याची उबळ आली. पाळकबाई चहा ओतताना माझा कप विसरल्या.

सगळे गेल्यावर मी डबा गोळा करायला थांबलो. वाटलं, आता फुटेल. आता रडेल, नाहीतर चिडेल तरी.

"बरं केलंत," तो म्हणाला. "किती दिवस तुमच्या पोटात होतं ते. उद्या येणार ना?"

एवढंच! इतके निखारे ओतले आणि हा त्यावर हात शेकत बसला.

शनिवार, १६ सप्टेंबर

पाव घ्यायला गेलो. बेकरीवाल्यापर्यंत गोष्ट पोचलीय. माझ्या पिढीचाच आहे, तोंडाला कधी कुलूप नव्हतं.

"काय रे, ऐकलं ते खरं का? घास भरवतोस आणि भरवता भरवता चावतोसही म्हणे."

"तुला काय करायचंय? पाव दे."

"पाव देतोच आहे. तुझ्यासाठी की त्याच्यासाठी?"

"त्याच्यासाठी."

"मग मऊ देतो. तुझ्यासाठी असता तर कालचा दिला असता."

त्या क्षणी त्यालाही वैऱ्यांत धरलं. पण त्याला जेवू घालणार नाही, त्याचं पोट आधीच सुटलंय.

आभार – सुचत नाहीत.

सोमवार, १८ सप्टेंबर

आज साडूनं खाण्याआधी मोठ्यानं प्रार्थना केली. या अन्नासाठी, म्हणाला, आणि आणणाऱ्यासाठी, त्याच्या गुडघ्यांसाठी, कारण वाटेत चढ आहे. माझे गुडघे दुखतात हे याला कुणी सांगितलं? दारातून आत येताना पाहत असणार.

मला हे चालणार नाही. आभार मी मानायचे, टोचतील असे. त्यानं साधेसरळ मानले की माझ्या हातात काही राहत नाही.

म्हणून सरळच विचारलं. "तुम्हाला काहीच वाटत नाही?"

"वाटतं की."

"मग बोला ना एकदा. अडवलं, चुकलो, एवढं म्हणा. बाकी काही नको मला."

त्यानं प्लास्टरवरून हात फिरवला. "ते सोडून काहीही मागा, साडूभाऊ."

"मग तुम्हीही मला काही विचारू नका."

"ताईंना त्रास झाला का, एवढं तरी..."

मी डबा अर्धा भरलेला असतानाच उचलला. त्याच्या हातात चमचा तसाच राहिला. दारातून मागं पाहिलं नाही. उद्या जाणार नाही. परवाही नाही. निखारे संपले, आता उपाशीच मर म्हणावं.

वाटेत ती चाल डोक्यात वाजत होती, पण शब्द जुळले नाहीत.

मंगळवार, १९ सप्टेंबर

सकाळी फाटक वाजलं. पेपरवाला म्हणून उठलो नाही. मग कुणीतरी हळूच कडी वाजवली.

दारात धाकटी. हातात प्रवासाची पिशवी, केस विस्कटलेले. बसमधून उतरून घरी न जाता सरळ इकडे आलेली.

"पाळकबाईंनी फोनवर सगळं सांगितलं, भाऊजी." पायरीच्या खालीच उभी होती. "यांनी मला अडवलं नव्हतं. तुम्ही आलात त्याच्या आधी, मला चालवेना म्हणून, यांनी गाडी आणून दारात उभी केली होती. मला दोनदा हाताला धरून उठवलं. मीच चढले नाही. ताईला तशी बघायची माझी छातीच झाली नाही. जिनं मला... तिला मी तशी..."

मी चौकट धरून उभा राहिलो.

"तुम्ही येताना दिसलात तसे म्हणाले, तू आत जा, मी सांगतो. म्हणाले, त्यांचा राग माझ्यावर येऊ दे, मला सोसेल, तुला सोसायचा नाही. मी येऊ दिला, भाऊजी. दोन वर्षं येऊ दिला."

नंतर विचारलं, "आत येऊ का?"

पाणी आणतो म्हणून मी आत आलोय आणि हे लिहितोय. ती अजून पायरीखालीच उभी आहे.