चवळीवरचा मावा

१ फेब्रुवारी, रविवार
सौ.ची भूक परत आली. डोळ्यांतील पिवळेपणाही गेला. रक्ताचा अहवाल मात्र अद्याप पूर्ववत नाही. यवतमाळच्या डॉक्टरांचे शब्द जसेच्या तसे: "लिव्हरला आराम द्या. घरचे, साधे, स्वच्छ अन्न." 'स्वच्छ' म्हणजे काय, ते त्यांनी सांगितले नाही. मला ते सांगावे लागत नाही.
निर्णय: मागच्या अंगणात भाजीचे वाफे. आठवडी बाजारातील भाजी आजपासून बंद. कृषी केंद्राचे हिशेब मी इतकी वर्षे लिहितो; बाजाराच्या आदल्या संध्याकाळी फवारणीची बाटली कोण नेतो आणि दुसऱ्या दिवशी चकचकीत वांगी घेऊन कोण बसतो, हे मला तोंडपाठ आहे.
सौ.: "मग आजवर खात होतो ते?"
कुदळ शोधायला मागच्या अंगणात गेलो.

४ फेब्रुवारी, बुधवार
अंगण खणले. जमीन काळी, चिकट. ढेकळे फोडता फोडता मनगटे गेली. हे अंगण आमचे व दादांचे सामाईक आहे, मध्ये भिंत नाही. आपली बाजू स्पष्ट दिसावी म्हणून सुतळी ताणली. दादा त्यांच्या ओट्यावरून पाहत होते.
"हे कायले बांधली रे विनू? मोजनी करून राह्यला का?"
"वाफे सरळ यावेत म्हणून."
"मेथीले सरळ-वाकडं समजते का?"
स्वतःच हसले. दिवाळीत त्यांनी याच जागेवर कापूस ठेवायला खोली बांधण्याचा विषय काढला होता. मी "पाहू" म्हटले होते. दादांनी तो विषय सोडला असेल असे मला वाटत नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार
दादांनी भेंडीचे बियाणे आणून दिले. दाणे गुलाबी, म्हणजे औषध चोळलेले. परत केले.
"अरे, उगवल्यावर राह्यते का तो रंग?"
रंग राहत नाही, हे खरे. बाकी काय राहते ते दादा सांगू शकत नाहीत. मीही नाही. म्हणून परत.
घरच्या डब्यातील मेथी, धने रगडून सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि कडेने चवळी. पालकाचे बी नेरहून आणवले, साधे, न चोळलेले.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार
मेथी उगवली. चवळीही. सौ. खुर्ची टाकून वाफ्यांशी बसली. आजारपणानंतर प्रथमच आपणहून बाहेर आली.
एक गोष्ट मात्र खटकली. पालकाच्या वाफ्यातील तण कोणीतरी काढून टाकले आहे. मी नाही, सौ. नाही. विचारल्यावर दादा म्हणाले, "तुही वहिनी बसली असन. तिचे हात कुठं थांबते?" असेलही. परंतु आज तण, उद्या वाफा, परवा खोली. माणूस जागेत शिरतो तो असाच, उपकार करत.

२० फेब्रुवारी, शुक्रवार
चवळीच्या शेंड्यांवर मावा. काळा, गच्च. मुंग्यांची रांग खोडावरून वर. निंबोळ्या कुटून रात्रभर भिजवल्या होत्या; ते पाणी गाळून फवारले. दादा सुतळीपलीकडे कमरेवर हात ठेवून उभे.
"हे पाजून मावा मरते का रे? लाजून गेला तर गेला."
वहिनी आतून: "चिडवू नका हो त्याईले."
"चिडवत नाई. माव्याची काळजी करून राह्यलो."
सौ.ही हसली. तिला हसताना पाहून बरे वाटले. हसण्याचे कारण मात्र मी होतो, ते आवडले नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार
मावा तसाच. उलट शेजारच्या मेथीच्या कडेलाही एक-दोन पाने चिकट. पुन्हा निंबोळी. संध्याकाळी सौ. म्हणाली, "गेलं तर जाऊ द्या, पुन्हा लावू." तिचा आवाज उतरला होता. रोज तेथे बसून पाने मोजल्यासारखी पाहते. बाग जळाली तर तिची भूकही पुन्हा जाईल, अशी मला उगाच भीती वाटते. हे तिला सांगितलेले नाही.

२५ फेब्रुवारी, बुधवार
मावा गेला. एकही नाही. पाने स्वच्छ, कोवळी, वर तोंड केलेली. निंबोळी लागू पडली. दादांना मुद्दाम हाक मारून दाखवले.
दादा: "हो का. चांगलं झालं."
एवढेच. आणि गोठ्याकडे निघून गेले. दादा एवढ्यावर थांबणारे नाहीत.

१ मार्च, रविवार
मेथी तोडणीला आली. पहिली तोड आपण खायची नाही, थोरल्या घरी द्यायची, ही आमच्या घरातील वडिलांपासूनची रीत. स्वतः जुडी बांधली, दोऱ्याला माझी नेहमीची दुहेरी गाठ मारली आणि नेऊन दिली.
वहिनी दारातच: "अगो माय, एवढ्यातच काहून तोडली भाऊजी? आठ-पंधरा रोज राहू द्यायची होती!"
"मेथी जून होते वहिनी."
"हो, ते तं होते..."
जुडी घेतली. चेहऱ्यावर आनंद नव्हता. मनात नोंद केली.

५ मार्च, गुरुवार
होळीपासून वहिनींकडून रोज काही ना काही येते. पुरणपोळी झाली. काल झुणका, आज वांग्याची भाजी. दारातूनच ओरडतात, "सुलभा, भाजी नको टाकू वं आज, म्या आनली!" परिणाम: वाफ्यातली मेथी उभीच. सौ. खूश. "बघा, किती जीव लावतात." जीव इतकी वर्षे होता, त्याला डबे आत्ताच का फुटले? खोलीसाठी जमीन मऊ करणे चालू आहे, हे उघड आहे.
तिला तेलकट चालत नाही, हे वहिनींना ठाऊक असूनही भाजीवर तर्री.

७ मार्च, शनिवार
सकाळी कचरा टाकायला गेलो. दादांच्या उकिरड्यावर मेथीची जुडी. सुकलेली, पण न सोडलेली. दोऱ्याला माझी दुहेरी गाठ.
सौ.ला सांगितले. "राहून गेली असेल हो. सणाची गडबड होती."
गडबडीत भाजी राहते, हे मान्य. पण पहिली तोड? दादा स्वतः ही रीत सांगत मोठे झाले. दिवसभर कशात लक्ष लागले नाही. केंद्रात एक बेरीज दोनदा चुकली, जे होत नाही.

८ मार्च, रविवार
पहाटे सुचले.
दादांच्या दारात दोन शेळ्या बांधलेल्या असतात. केळीची साल, शिळी भाकरी, लग्नपत्रिकेचा कागद, काही सोडत नाहीत. ज्या दारात शेळी आहे त्या दारातून मेथी उकिरड्यावर जात नाही. ती शेळीलाही घातली नाही, याचा अर्थ एकच. ती शेळीला घालण्यासारखी नाही, हे त्या घराला माहीत होते.
मग पुढचे आपोआप जुळले. "एवढ्यातच काहून तोडली." रोजचे डबे. 'चांगलं झालं' म्हणून गोठ्याकडे गेलेले दादा.
सौ.ला विचारले, वाफ्यातली मेथी तू खाल्लीस का? मनात उत्तर 'नाही' असे गृहीत धरून विचारले.
"तुम्ही शुक्रवारी यवतमाळला गेला होता ना, तेव्हा मूठभर वरणात टाकली होती. चांगली होती. का?"

८ मार्च, दुपार
दादांकडे गेलो. बस म्हणाले, बसलो नाही.
"चवळीवर तुम्ही औषध मारले का?"
दादांनी नाकारले नाही. पानाची चंची खाली ठेवली.
"मारलं. उलिसकं. पंप काढलाच होता."
"कोणते?"
"घरात होतं ते. बाटलीवरचा कागद निंगून गेलता."
"मेथीवर?"
"मेथीवर नाई. फक्त चवळीवर."
वहिनी चुलीपासून: "वारं होतं त्या दिवशी. गेलंच असन थोडं."
"तू चूप बस वं!"
"कायची चूप? म्या तेव्हाच म्हटलं सांगून द्या म्हनून. सांगतलं का? डबे वाहून वाहून माहे पाय गेले."
मी विचारले, सांगितले का नाही. दादा माझ्याकडे पाहू लागले, रागाने नव्हे.
"सांगतलं असतं तर तू मारू देल्लं असतं का? ते जळून चाललं होतं सारं. सुलभा रोज तिथं बसून पाहे. मले पाह्यल्या गेलं नाई, विनू."
मी बाटली मागितली. ती फेकून दिली, म्हणाले. कोठे, ते आठवत नाही.
कागद नसलेली बाटली. पंप आधी कशाला वापरला होता, तेही विचारायला हवे होते. विचारले नाही. उत्तर ऐकवले नसते.

१० मार्च, मंगळवार
सौ.ला यवतमाळला नेले. रक्त दिले. डॉक्टरांना सर्व क्रमाने सांगितले. त्यांनी विचारले, किती खाल्ली? मूठभर. शिजवून? हो. कोणते औषध? माहीत नाही. त्यांनी पेन खाली ठेवले.
संध्याकाळी अहवाल. मागच्यापेक्षा थोडा वाढलेला. "कशानेही असू शकते. तळलेले, तेलकट काही झाले होते का?" झाले होते. पुरणपोळी, तर्री, सर्व झाले होते. "मग सांगता येणार नाही. महिनाअखेरीस पुन्हा पाहू."
म्हणजे मेथी, की सण, की वहिनींचे डबे. जे डबे मेथी चुकविण्यासाठी होते. यातून एकही बाजू मला निश्चित करता येत नाही. परतीच्या एस.टी.त सौ. खिडकीला टेकून झोपली होती. तिच्या डोळ्यांचा रंग पाहण्यासाठी तिला उठवावेसे वाटत होते.

१२ मार्च, गुरुवार
सर्व उपटले. चवळी, मेथी, न तोडलेला पालक, सांबार. दूर नेऊन पुरले. वरची मातीही काढली. हातांना मोजे घातले होते. ते पाहून दादा ओट्यावरून उठून आत गेले.
केंद्रातून येताना काटेरी तारेचे वेटोळे आणले. खांब उद्या.
सौ.ने तार पाहिली. स्वयंपाकघरात गेली, परत आली.
"ही लावली ना, तर आतली एक काडी मी तोंडात घालणार नाही."
"तुझ्याचसाठी लावतो आहे."
"त्यांनीही माझ्याचसाठी मारलं."
तार जिन्याखाली ठेवली आहे. तूर्त.

१६ मार्च, सोमवार
डबे बंद. दादा पुढच्या दाराने ये-जा करतात. मागच्या अंगणात कोणी दिसत नाही. सौ. जेवते, पण मोजकेच. बाजारातून दुधी आणला, मिठाच्या पाण्यात ठेवला, साल जाड काढली. एवढे करून उरलेला दुधी दोघांनाही पुरला नाही. दादांकडची एक शेळी सारखी ओरडत होती. विचारावेसे वाटले. विचारले नाही.
सौ.: "तुम्ही एकदा बोला त्यांच्याशी."
"काय बोलू?"
"तेही मीच सांगू?"

१९ मार्च, गुरुवार. पाडवा
गुढी उभारली. वहिनींकडची गाठी दरवर्षी सकाळी येते. या वर्षी आली नाही. आम्हीही नेली नाही. दहाच्या सुमारास सौ. एकटी अंगण ओलांडून गेली. चालताना अजून भिंत धरते, येथे भिंत नाही. बराच वेळ झाला. आली तेव्हा हातात पदराच्या तुकड्यात बांधलेले ढेमशाचे बी.
"वहिनींच्या घरचं आहे. राखेत ठेवलेलं. रविवारी दादांना पेरायला बोलावलंय."
"मला न विचारता?"
"हो."
ती आत गेल्यावर वाटीत पाणी घेऊन दोन-चार बिया टाकून पाहिल्या. रंग सुटला नाही. राख तेवढी सुटली. मागे वळलो तर ती दारात उभी. तिने वाटी घेतली, पाणी झाडाला ओतले आणि बिया निथळून पुन्हा पुरचुंडीत ठेवल्या.

२२ मार्च, रविवार
दादा आले. मागच्या अंगणातूनच. वहिनी त्यांच्या ओट्याशी थांबल्या, पुढे आल्या नाहीत.
मी नमस्कार केला की नाही, आठवत नाही. ते माझ्यापाशी थांबलेच नाहीत. सरळ पाण्याच्या टाक्यावर गेले.
"सुलभा, साबन दे वं."
सौ.ने दिला. दादांनी बाह्या वर केल्या, कोपरापर्यंत हात धुतले. नखे एकमेकांवर घासली. पुन्हा साबण लावला, पुन्हा धुतले. कोणी सांगितले नव्हते. सौ.ने टॉवेल पुढे केला, तो घेतला नाही. ओले हात तसेच अंगापासून लांब धरून वाफ्याशी येऊन उकिडवे बसले.
"दे बी."
पुरचुंडी माझ्या हातात होती. क्षणभर माझ्याच हातात राहिली. मग त्यांच्या तळव्यावर रिकामी केली.
एकेका आळ्यात बोटाने खळगा, दाणा, वर माती. माझे लक्ष त्यांच्या बोटांवर होते. तसे नको, असे ठरवून उभा होतो, तरी होते. त्यांना कळत होते. मान वर केली नाही.
"पाहून राह्यला ना नीट?"
"पाहतो आहे."
"पाह्य."
या एका शब्दात टोमणा होता की परवानगी, ते मला ठरवता आलेले नाही. शेवटचे आळे बुजवून ते उठले, गुडघ्यावर हात देऊन, आणि म्हणाले, उगवायला आठवडा लागेल, तोवर इकडे येऊ की नको ते सांग.
हे लिहितो आहे तेव्हा ते ओट्यावर बसले आहेत. सौ. चहा ठेवते आहे. तिने दोनदा खिडकीतून माझ्याकडे पाहिले. रक्ताची तपासणी पुढच्या आठवड्यात आहे. दादांना काय सांगावे ते अजून ठरलेले नाही; त्यांचा चहा मात्र मीच नेऊन देणार आहे.