ओलं नव्हतं ते लाकूड

आण्णा, येरमाळ्याच्या शिंप्यासाठी तुम्ही कापड बेतायचं जे टेबल केलं होतं, त्याचं लाकूड ओलं नव्हतं. एवढं एक वाक्य सांगायला मला चोवीस वर्षं लागली, आणि त्यातली अठरा वर्षं तुम्ही नाहीच आहात. वाक्य लिहून झाल्यावर मी पेन खाली ठेवलं, उठून पाणी प्याले. वाटलं होतं तितकं ते अवघड गेलं नाही, आणि त्याचंच जास्त वाईट वाटलं.

तो दिवस तुमच्यासाठी कामाच्या अनेक दिवसांतला एक असेल. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन ढोकीला घरी आलेली. तुम्ही कारखान्यातली पाळी संपवून येता, चहा पिता आणि अंगणात लिंबाखाली टेबलाच्या चौकटीपाशी बसता. बाभळीचे चार पाय, आणि त्यांना जोडायच्या आडव्या पट्ट्या. मी म्हणते, मला स्क्रू कसू द्या. तुम्ही हसता. "कालिजात आता ह्ये बी शिकवायलेत व्हय?" पण तुम्ही पेचकस देण्याआधी माझ्या हातात शिकंजा दिलात. दोन लाकडं एकमेकांवर आवळून धरणारी ती लोखंडी पकड. मला ती दोन्ही हातांनी धरावी लागली. तुम्ही सांधा जुळवलात, गुण्या लावून काटकोन पाहिलात, शिकंजा चढवून त्याची दांडी फिरवत नेलीत. "समद्यास्नी वाटतंय, स्क्रू लाकूड जवळ वढतो. तसं न्हाय पोरी. खालच्या लाकडात शिरताना त्यो आधी त्याला मागं ढकलतो. एकदा का ते मागं सरलं आन दोन्हीत आटे आडकले, की मंग किती बी कस, फट तिथंच ऱ्हाती. म्हनून आधी ह्येला धरू द्यायचं." मग तुम्ही खिशातून एस.टी.चं जुनं तिकीट काढलंत आणि कसलेल्या सांध्यावर त्याची कड टेकवली. तिकीट आत गेलं नाही. तुमची तपासायची पद्धत तीच होती. तिकीट आत गेलं तर सांधा उघडायचा, मग गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी.

तेवढ्यात तुम्हाला कारखान्यातून बोलावणं आलं. जाताना म्हणालात, "दोन शिकंजे हायेत. एका सांध्याचं झालं की काढ, दुसऱ्याला लाव. घाई करू नको." पहिले दोन सांधे मी तसेच केले. पण शिकंजा सोडायचा, पुन्हा जुळवायचा, पुन्हा आवळायचा, ह्यात कसण्यापेक्षा जास्त वेळ जात होता, आणि तुम्ही यायच्या आत सगळं पुरं करून तुम्हाला थक्क करावं असं मला वाटत होतं. तिसऱ्या सांध्याला मी पट्टी गुडघ्यानं दाबून धरली. स्क्रू शिरला आणि माझ्या गुडघ्याखाली लाकूड हळूच मागं सरकलेलं मला कळलं. हे मी आज कबूल करते: कळलं. मी आणखी जोर लावला. फट राहिली, तांदूळ बसेल एवढी. चौथ्या सांध्याला तसंच, पाचव्याला तसंच. मग मी रंध्याखालचा बारीक भुसा गोळा केला, सरसात कालवला, फटीत भरला आणि वाळल्यावर वरून पॉलिश पेपर मारला. संध्याकाळी तुम्ही आलात. सगळ्या सांध्यांवरून तिकीट फिरवलंत. ते कुठंच आत गेलं नाही. तुम्ही शेजाऱ्यांना हाक मारून बोलावलंत. "ह्ये पोरीनं कसलंय. बघा, कुठं फट घावती का." दोघांनी खरंच वाकून पाहिलं. मी तिथंच उभी होते.

पाच-सहा महिन्यांनी तुम्ही येरमाळ्याला देवीला गेलात आणि वाटेत शिंप्याच्या दुकानात डोकावलात. त्यानं तक्रार केली नव्हती. पण टेबलाच्या पायाखाली त्यानं चिंध्यांची घडी सारली होती, आणि कात्री चालली की टेबल हलत होतं. तुम्ही टेबल टेम्पोत घालून परत आणलंत. दुसऱ्या दिवशी लाकडाच्या वखारीत जाऊन वखारवाल्या चाचांना चार माणसांदेखत म्हणालात, "वल्लं लाकूड दिलास मला. वाळून आकसलं, सांधं ढिलं पडलं. माझं नाव घालवलास." ज्या माणसाकडं दर रविवारी तुम्ही निव्वळ गप्पा मारायला जात होतात, त्याला. मी दिवाळीच्या सुट्टीत आले तेव्हा आईनं हे सांगितलं. मी भाकरी थापत होते. तीच थापत राहिले. त्यानंतर तुम्ही लाकूड धाराशिवहून आणायला लागलात, वखारीवरून जायचं टाळायला लांबचा रस्ता धरायला लागलात, आणि मी काहीच बोलले नाही.

एक गोष्ट मला अजून उलगडत नाही. टेबल परत आणून तुम्ही ते मोडलंत आणि नव्यानं केलंत. सांधे उघडताना आतला भुसा तुम्हाला दिसला नसेल? तुमच्यासारख्या माणसाला? तो गळून गेला असेल, असं मी स्वतःला सांगत आले. पण दिसला असेल, आणि तरी तुम्ही वखारीत जाऊन ते बोलला असाल, तर मग त्या माणसावर आपण दोघांनी मिळून अन्याय केला. हे मी तुमच्यावर ठेवत नाही. मला माहीत नाही, एवढंच लिहिते. माझ्या वाट्याचं मात्र मला पक्कं माहीत आहे.

आता हे सगळं वर का आलं, ते सांगते. आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. बरी आहे, जेवते, शेजारणींना नावं ठेवते. पण पलंगावरून उठायला तिला माणूस लागतं. दवाखान्यातून दिलेला ॲल्युमिनियमचा वॉकर तिनं दोन दिवसांत कोपऱ्यात लावला. शहाबादी फरशीवर तो सरकतो, आणि तिच्या मते त्याचा आवाज भांड्यांच्या दुकानासारखा येतो. "मला धरून उठायला कायतरी जड पायजे," ती म्हणाली, "खुळखुळा नगं." मी कॉलेजच्या ग्रंथालयातून पंधरा दिवस रजा काढून ढोकीला आले आणि ठरवलं की पलंगाच्या पायाला लागून एक चौकट करायची: दोन उभे खांब, वर हाताशी एक आडवा, खाली एक. तुम्ही केलेल्या पलंगाला भोकं पाडायला मन होईना, त्यात एक दिवस गेला. दुसरा दिवस वखारीत जायचं की नाही ह्यात गेला. धाराशिवहून लाकूड आणता आलं असतं. पण तुम्ही धाराशिवहून का आणत होता, ते मला माहीत होतं ना.

चाचा आता खूप थकलेत. करवतीच्या मशीनच्या बाजूला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसतात, मशीन त्यांचा मुलगा चालवतो. मी बाभळीच्या पट्ट्या मागितल्या आणि सवयीनं तोंडातून गेलं, "वाळलेलं आहे ना?" त्यांनी चष्मा वर केला.

"सुताराची पोरगी न्हवं का तू?"

"हो, चाचा."

"वाटलंच. सवाल बी त्येचाच हाय."

मी सांगायला लागले. मशीनच्या आवाजात त्यांना ऐकू जाईना. दुसऱ्यांदा मोठ्यानं सांगितलं. त्यांनी मुलाला हात केला, "बंद कर जरा," आणि मशीन थांबल्यावर मला म्हणाले, "हां, आता बोल बेटा." त्या शांततेत मला तिसऱ्यांदा सांगावं लागलं. दोन हमाल, एक गिऱ्हाईक आणि त्यांचा मुलगा, चौघंही ऐकत होते. लाकूड चांगलं होतं. शिकंजा लावला नाही तो मी. फटीत भुसा भरला तो मी. आण्णांनी तुम्हाला बोल लावला तेव्हा गप्प राहिले तीही मी.

 चाचा म्हणाले, "मला वाटलं, माझंच चुकलं आसंल. त्यो खोटं बोलनारा मानूस न्हवता ना. तवापासून बाभूळ दोन उन्हाळे खाल्ल्याबिगर मी इकलीच न्हाय. धा लोकं परत गेले, पर न्हाय इकली." आणि एकदम हसायला लागले, हसता हसता खोकला आला. "तुझ्या खोटेपनानं सगळ्या ढोकीला वाळलेलं लाकूड भेटलं म्हन की!" हमालही हसले. मला हसू आलं नाही. आलं असतं तर बरं वाटलं असतं, पण तसं बरं वाटून घेणं मला योग्य वाटेना. मी माफी मागितली. त्यांनी हात झटकला. "मला सांगून काय उपेग? मी तर जित्ता हाय, मला कळलं. त्यो तसाच गेला ना मला चोर समजून. त्येला सांग."

"त्यांना कसं सांगू, चाचा?"

"ते तुझं तू बघ. शिकलेली हायेस."

पट्ट्या त्यांनी स्वतः उठून निवडून दिल्या. एकेक वाजवून पाहिली.

कामाला मला चार दिवस लागले. बाजारातून चार शिकंजे आणले. चौकटीचे सांधेही चारच होते, म्हणजे एकाचा काढून दुसऱ्याला लावायची वेळच येऊ नये. आधी वरच्या लाकडात मोकळं भोक, खालच्यात त्याहून बारीक, स्क्रूला साबण. हे सगळं तुम्ही त्या दिवशी केलं होतं. तेव्हा ते बघताना मी लक्ष देत नव्हते असं मला वाटायचं, पण हाताला आठवत होतं. पलंगाच्या पायाशी चौकट शिकंज्यात आवळली आणि पहिला स्क्रू फिरवायला घेतला तेव्हा मी कान देऊन ऐकत होते. लाकूड हललं नाही. स्क्रूचं डोकं लाकडाच्या पातळीत बसलं, आणि पुढं जायला जागाच उरली नाही. बस एवढंच. त्याचा मला झालेला आनंद एवढ्याशा कामाला शोभणारा नव्हता. आई पलीकडं खुर्चीत बसून बघत होती. काम चालू असतानाच मी तिला टेबलाचं सगळं सांगून टाकलं.  ती म्हणाली, "आन आता माझ्या खुब्यावर परीक्षा देयालीस व्हय?" थोड्या वेळानं, "तवाच बोलायचं व्हतंस गं. लई चांगले दोस्त व्हते ते." तिच्या बोलण्यात राग नव्हता. म्हणूनच ते जास्त लागलं.

शिकंजे काढल्यावर चौकटीला मी स्वतः लोंबकळून पाहिलं. शेजारच्या दणकट पोरीला लोंबकळायला लावलं. आई मात्र हात लावायला तयार नव्हती. "उद्या बघू," असं तीन दिवस चाललं. मी आग्रह केला नाही. माझ्या कामावर तिनं भरवसा ठेवावा असं म्हणायचा अधिकार मला आहे का, तेच मला ठरवता येत नव्हतं.

काल दुपारी चाचा आले. मुलाच्या मोटरसायकलवर मागं बसून, काठी आडवी धरून. तुम्ही त्यांना बोल लावल्यापासून त्यांनी आपल्या घरात पाय ठेवला नव्हता; तुमच्या मातीलाही ते लांबच उभे होते, असं आई सांगते. दारातूनच म्हणाले, "वहिनी, लाकूड बघाया आलोय. वल्लं हाय का बघतो."

आई पलंगावर होती. तिनं डोक्यावर पदर घेतला, मला म्हणाली, "त्यास्नी खुर्ची दे," आणि मी खुर्ची ओढेपर्यंत तिनं दोन्ही हातांनी चौकटीचा वरचा खांब धरला होता. आण्णा, ती उठली. मला हाक न मारता, कुणाकडं न बघता, पाहुणा आलाय तर चहा टाकायला हवा एवढ्याच विचारानं उठली. चौकटीनं हूं की चूं केलं नाही. ती भिंतीला हात लावत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली आणि तिथं पोचल्यावर तिला आपण काय केलं ते कळलं. मागं वळून म्हणाली, "साखर किती टाकू हो? का आता गोड चालत न्हाय?"

"आज चालतंय," चाचा म्हणाले.

त्यांनी चहा पिऊन झाल्यावर चौकटीला अंगठा लावून सांधे पाहिले, एकेक, तब्येतीत. आई कप विसळत होती. जाताना दारात थांबून त्यांनी मला हळू आवाजात विचारलं, "सांगितलीस का त्येला?"

हे पत्र कुठं पाठवायचं नाही. रोजनिशीत ही पानं राहतील, पुढं कुणी वाचली तर वाचली. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत होते की तुमच्या रागाला भिऊन मी गप्प राहिले. तसं नव्हतं. तुम्ही शेजाऱ्यांना बोलावून "पोरीनं कसलंय" म्हणाला होतात, ते मला माझ्याकडंच ठेवायचं होतं.

आणि चाचांना मी काल "हो" म्हणाले. तेव्हा ह्यातली एक ओळसुद्धा लिहिलेली नव्हती. आज सकाळी आई आपली आपण उठून अंगणात जाऊन बसली, आणि मी लिहायला घेतलं.