बरणीतला खडा

बाबा,

मी कामावर निघाले. चहा थर्मासमध्ये आहे.

खिडकीतल्या बरणीत दोऱ्याला लटकतोय तो तुमचा दाढीचा तुरटीचा खडा आहे, हे मला काल संध्याकाळीच कळलं. आईने त्या बरणीत वाढवलेल्या तुरटीच्या स्फटिकाच्या कडा काचेसारख्या होत्या. हा साबणाच्या वडीसारखा झिजलेला. शिवाय शेजारी तुमची झारी. पाणी उतरलेलं दिसलं आणि तुम्ही ते भरलंत, हो ना? जन्मभर रोपवाटिका चालवलेल्या माणसाला आणखी काय सुचणार! आई असती तर म्हणाली असती, "यांना तहानलेलं काही बघवतच नाही, मग ती बरणी का असेना."

म्हणून दोन दिवस माझी नजर चुकवत होतात. जाण्यापूर्वी तिने हाताने केलेली शेवटची गोष्ट आपण घालवली, असं वाटलं असेल. बाबा, ती कुठेही गेलेली नाही. पाणी वाढलं म्हणून विरघळली, एवढंच. कणन्‌कण त्याच बरणीत आहे. झाकण लावू नका, वर नुसतं फडकं असू द्या. पाणी उडत जाईल तशी तुरटी पुन्हा दोऱ्यावर जमेल. तोवर झारी लांब ठेवा.

तुमचा खडाही काढू नका. तोही थोडा विरघळलाच आहे. आता त्यातली तिची तुरटी कुठली आणि तुमची कुठली, हे शाळेत तीस वर्षं प्रयोग शिकवलेल्या आईलाही सांगता आलं नसतं.

आरशापाशी नवा खडा ठेवला आहे. तो मात्र दाढीलाच वापरा.